एक जात कमी

झुडपाखाली छत्री उलटी धरायची, काठीने फांदीवर दोन टोले हाणायचे आणि वरून जे काही टपटप पडेल त्याच्याकडे वाकून म्हणायचं, "या, या. हजेरी घ्यायचीय."

बोरिवलीच्या जंगलात बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि छत्रीला आतून मांजरपाट शिवलेलं, कारण काळ्या कापडावर काळे किडे दिसत नाहीत. मी जरा अंतर ठेवूनच उभा होतो. बाईंनी मान वर न करता विचारलं, "तुम्ही चित्रकार ना? मग तिथे काय उभे? इकडे या. याचे पाय मोजा."

मी मोजले. सहा म्हणून सांगितले.

"हं, पास. तुमच्या आधीच्याने आठ पायांचा भुंगेरा काढला होता. देखणा होता हो, पण देवाने तो अजून केलेला नाही."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्यांच्या हाताखाली काम करताना घरी येऊन रोज त्यांना शिव्या द्याव्याशा वाटतात, आणि त्यांनी एक दिवस रागावायचं थांबवलं की काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागतं. बाई तशा होत्या. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते एका पुस्तकावर छापलेलं आहे आणि तिथे ते आहे हीच त्यांची तक्रार होती.

पन्नास साल उलटून गेलं होतं. तुळशी आणि विहार तलावांभोवतीचं जंगल राखून तिथे मोठं उद्यान करायचं घाटत होतं. अशा कामांना समित्या नेमतात, तशी एक नेमली गेली होती. समितीने ठराव केला की या क्षेत्रातल्या सर्व सजीवांची सूची करावी आणि ती चांगल्या कागदावर, रंगीत चित्रांसह छापावी. चित्रांसाठी मला घेतलं. मी नुकताच चित्रशाळेतून बाहेर पडलो होतो, मुलुंडला भावाकडे राहत होतो आणि साबणाच्या जाहिरातींतल्या बायका रंगवत होतो. त्यामानाने सरडे बरे, असं मला वाटलं.

सूचीच्या कामासाठी आधी दोन-तीन प्राध्यापकांना विचारलं होतं म्हणे. त्यांनी चालावं किती लागेल ते विचारलं आणि नकार दिला. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पन्नाशीला आल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. त्यांनी चालण्याबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त ठरावातल्या एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, "सर्व म्हणजे सर्व ना?"

समितीचे सचिव हसून म्हणाले, "अर्थात."

त्यांना वाटलं होतं सर्व म्हणजे वाघ, बिबळ्या, हरणं, मोर आणि फार तर फुलपाखरं. बोरिवली पूर्वेला जंगलाच्या तोंडाशी कौलारू दोन खोल्यांत आमची कचेरी होती. बाईंनी पहिल्याच दिवशी कपाट उघडलं, आतून उंदीर पळाला, आणि त्यांनी सूचीतली पहिली नोंद केली. मग कौलांवरचं शेवाळ. मग भिंतीवरची पाल. मग शेणावर उगवलेली कुत्र्याची छत्री. गोचिडी त्यांनी स्वतःच्याच पोटरीवरून काढून बाटलीत घातल्या. जंगलात पाऊल ठेवायच्या आधीच चार पानं भरली होती.

एखादं पाखरू महिनोन्महिने दिसलं नाही म्हणून मी एकदा म्हणालो, "बाई, ते नसेलच इथे. वगळून टाकू."

"गैरहजर लिहायची घाई करू नका," त्या म्हणाल्या. "वर्गात मुलगी दिसली नाही की मी आधी खिडकीबाहेर बघते. बहुतेक वेळा तिथे असते."

सचिव महिन्यातून एकदा मोटारीने येत. गोरेपान, मऊ बोलणारे, रुमालाने घाम टिपणारे. आले की पहिला प्रश्न, "बाई, वाघाचं काय?"

"आला की पहिला तुमच्याकडे पाठवते."

"मुखपृष्ठावर वाघ हवा होता हो."

"मुखपृष्ठावर वाणी किडे टाका. भरपूर आहेत. शिवाय पायही जास्त."

सचिव हसायचे. ते सगळ्यालाच हसायचे. पुढे माझ्या लक्षात आलं की हसणं हा त्यांचा नकार द्यायचा प्रकार होता. बाईंच्या ते लक्षात यायला फार उशीर झाला.

ते दारूबंदीचे दिवस. आम्हाला प्राणी टिकवायला स्पिरिट लागे आणि त्याचं परमिट मिळवायला जेवढी खटपट पडली तेवढ्यात एखाद्याने हातभट्टी घातली असती. जंगलात त्या होत्याच. ओढ्याच्या कडेने धूर दिसला की बाई मोठ्याने खोकायच्या. "आम्ही किडेवाले रे, पोलीस नाही," म्हणून हाक द्यायच्या आणि मग पुढे सरकायच्या. एकदा स्टेशनबाहेर हवालदाराने आमची पेटी उघडायला लावली. बरणीचं झाकण काढून वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, यात दारू आहे."

"आहे ना."

"कोणासाठी?"

"त्याच्यासाठी," बाईंनी बरणीतला सरडा दाखवला. "प्यायला आणि मेला बघा. बाकीच्यांना धाक बसावा म्हणून घेऊन चाललेय."

हवालदाराने परमिट वाचलं, सरड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि आम्हाला जाऊ दिलं.

म्हणजे बाई कठोर होत्या असं नाही. एकदा छत्रीत विंचवीण पडली. पाठीवर पांढुरकी पिलं दाटीवाटीने बसलेली. मला वाटलं, आता हे सगळं कुटुंब बरणीत जाणार. मी झाकण उघडून पुढे केलं. बाईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि बंद केलं. "बाळंतीण आहे ती. दुसरा बघू." मग छत्री हळू जमिनीला टेकवून, ती उतरून दगडाखाली जाईपर्यंत तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही इथूनच काढा चित्र. तिला काय, ती काही पैसे मागत नाही."

त्या घाटकोपरला वडिलांबरोबर राहत. वडील, आप्पा, निवृत्त शिक्षक होते. मुलीला कॉलेजात घातलं तेव्हा नातेवाइकांनी यांच्याकडे येणं आणि यांना पंगतीला बोलावणं बंद केलं होतं. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही, पण विसरलेही नव्हते. मी घरी गेलो की हळूच विचारत, "हिचं पुस्तक कधी येणार? नाव मोठ्या अक्षरांत असेल ना?" आतून बाईंचा आवाज येई, "आप्पा, त्याला चहा पिऊ द्या." पण ऐकायला त्यांना आवडत असावं. एकदा त्या मला म्हणाल्या, "त्यांनी माझ्यापायी तीस वर्षं लग्नाचं जेवण जेवलेलं नाही हो. पुस्तक झालं की आमची पंगत."

मुलुंडच्या बाजूला जंगलाचा उतार खाली येतो तिथे एक पाडा होता. वारल्यांची काही घरं, कुडाच्या भिंती, अंगणात कोंबड्या, खाली ओढा. त्या उतारावर आम्ही बरेच महिने काम केलं आणि दुपारी पाणी प्यायला जाणीच्या घरी थांबत असू. जाणी बाईंच्याच वयाची असेल. बारीक, काटक, तोंडाने तिखट. पहिल्याच दिवशी तिने पाण्याचा तांब्या बाईंच्या पुढे धरला आणि सोडेचना.

"पानी फुकट नाय मिलायचा. उद्या साखर आण."

"किती?"

"तुला लाज वाटंल तितकी."

दुसऱ्या दिवशी बाई साखर घेऊन गेल्या आणि तिथून त्यांचं जमलं. जाणी त्यांना 'बाय' म्हणे, या तिला 'जाणे' म्हणत. दोघी अंगणात पाय पसरून बसत, आणि जाणी त्यांची यथेच्छ चेष्टा करे. "येवढी शिकलीस नि किडं येचतंस? माजी कोंबडी न शिकता येचते." बाई तिच्याकडून तंबाखूची चिमूट घ्यायला शिकल्या. मला म्हणाल्या, "आप्पांसमोर बोललात तर तुमच्या सगळ्या किड्यांचे पाय पुन्हा मोजायला लावीन." बाईंना इतकं मोकळं हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

एक दिवस त्या अंगणातच बसून नोंदी करत होत्या आणि मी शेजारून डोकावलो. सस्तन प्राण्यांच्या पानावर माकड, वटवाघूळ, भेकर यांच्या खाली त्यांनी लिहिलं होतं: माणूस. कायम रहिवासी. मुलुंडकडचा उतार.

मला ते बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "बाई, गरीब लोकांना जनावरांत घालताय?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मी 'माणूस' लिहिलंय. 'गरीब' कुठे लिहिलंय? तुमचे सचिव त्याच जातीचे, मीही त्याच जातीची. पण मी इथे राहत नाही, ही राहते. इथलं पाणी पिते, इथे पोरं वाढवली, हिची आजी त्या चिंचेखाली पुरलीय. मग रहिवासी कोण?" आणि जरा थांबून, "सर्व म्हणजे सर्व. उद्या कोणी म्हणालं इथे कोणी नव्हतंच, तर?"

जाणीने विचारलं काय चाललंय. बाई म्हणाल्या, "तुला पुस्तकात लिहिलं."

"कोनाच्या बाजूला?"

"माकडाच्या."

जाणीने थोडा विचार केला. "बरा हाय. माकड आमच्या वलखीचा."

मग मी तिचं चित्र काढलं. दारात बसलेली, एक हात गुडघ्यावर. ती अजिबात हलत नसे, त्यामुळे माझं आजवरचं ते सगळ्यात चांगलं चित्र झालं. जाणीने ते दूर धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं आणि म्हणाली, "ही तर माजी सासूस!" पण त्या दिवशी साखर मागितली नाही.

समितीच्या बैठकीला मी चित्रं घेऊन गेलो होतो. सगळं पसंत पडलं. मग सचिवांनी ते एक पान उचललं.

"बाई, हे काय?"

"सस्तन प्राणी."

"गमतीदार आहे. पण हे शास्त्रीय पुस्तक आहे हो."

"माणूस शास्त्रात नाही?"

"शास्त्रात आहे. जंगलात नाही."

"मी पाहिलाय. चित्र तुमच्या हातात आहे."

सचिव हसले. "ते अतिक्रमण आहे, बाई. त्यांच्याकडे कसलाही कागद नाही."

"वटवाघळांकडे आहे?"

कोणीतरी खोकलं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि असं बोलल्या की समितीतल्या दोघांनी खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. हे पान काढायचं असेल तर माझं नावही काढा, असं त्यांनी साफ सांगितलं. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं, रुमालाने कपाळ टिपलं आणि म्हणाले, "बाई, रागावू नका. यादीत नको, प्रस्तावनेत घेऊ. चांगला परिच्छेदच घालू. चित्रासकट. झालं समाधान?"

बाईंना प्राण्यांचं वागणं कळे. कोणता साप फणा काढून नुसता घाबरवतो आणि कोणता न बोलता चावतो, ते त्या लांबून सांगत. पण सचिवांच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. परत येताना म्हणाल्या, "बघितलंत? भांडलं की होतं."

आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ते असं: मुलुंडकडच्या त्या उतारावर दगड चांगला होता. उपनगरं वाढत होती, नवे रस्ते व्हायचे होते, खडी हवी होती. तो उतार तेवढा उद्यानाच्या हद्दीबाहेर ठेवून खाणीला द्यायचं बोलणं वरच्या वर चाललं होतं. तिथे कोणी राहत नाही असं कुठेतरी छापलेलं असलं की काम सोपं होणार होतं.

पुस्तक झालं. अंधेरीला एका शाळेच्या सभागृहात समारंभ ठेवला. हार, सनई, पाहुणे, सगळं होतं. पहिल्या रांगेत आप्पा बसले होते. काळा कोट, कडक इस्त्रीचं धोतर, डोक्यावर पगडी, जी मी त्यांच्या घरी फक्त खुंटीवर पाहिली होती. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना ते नातेवाईक. आले होते सगळे. एक म्हातारे गृहस्थ तर आप्पांचा हात हातात धरून बसले होते.

मी व्यासपीठाच्या कडेला, पडद्याजवळ होतो. बाईंना शाल दिली, नारळ दिला आणि मग पुस्तक हातात दिलं. मुखपृष्ठावर वाघ होता. वाघ आम्हाला कधी दिसला नाही, तो मी काढलेलाही नव्हता. बाई बारीक हसल्या. भाषणं चालली होती. त्यांनी मांडीवर पुस्तक उघडलं, सस्तन प्राण्यांचं पान पाहिलं. मग प्रस्तावना काढली आणि ओळीओळीवर बोट फिरवत वाचायला लागल्या. एका ठिकाणी बोट थांबलं.

मीही नंतर ती ओळ वाचली. 'या संपूर्णतः निर्मनुष्य अरण्यात' अशी ती सुरू होत होती. परिच्छेद नव्हता. चित्र नव्हतं.

तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं गेलं. बाई उठल्या, पुस्तक हातात तसंच उघडं. मला वाटलं, आता हे सभागृह पेटणार. कित्येक भांडणं मी पाहिली होती. भांडायच्या आधी त्यांच्या मानेची शीर उडायची, ती उडत होती. त्यांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव हसले. मग त्यांनी समोर पाहिलं. आप्पा उपरण्याने डोळे पुसत होते आणि शेजारच्याला बोटाने दाखवत होते, ती, ती, माझी मुलगी.

बाई म्हणाल्या, "मी सर्वांची आभारी आहे." आणि खाली बसल्या.

टाळ्या बराच वेळ चालल्या. नंतर पंगत झाली. आप्पा दोन्ही बाजूंना नातेवाईक घेऊन जेवले. बाई वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या सचिवांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, फक्त एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणतात." दुसरी आवृत्ती आजवर निघालेली नाही.

पावसाळा संपता संपता एका सकाळी मी बाईंकडे बसलो होतो तेव्हा दार वाजलं. जाणी होती. मुलुंडहून घाटकोपरला चालत, विचारत विचारत आली होती. बरोबर तिचा मुलगा. ती घरात आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. बाईंनी पाणी पुढे केलं, तेही घेतलं नाही.

"बाय, सायेब आलते. उठा म्हनतान. आमी बोल्लो, आमी हितंच जल्मलो. त्यांनी तुजा बुक दाखवला. वाघाचा चितार हाय त्यो. म्हनलं, बगा, ह्यात सगला हाय. मुंगी पन हाय. मानूस नाय." मग ती बाईंच्या अगदी डोळ्यांत बघत म्हणाली, "तू तर बोल्लीस, तुला लिवलाय."

"लिहिलं होतं जाणे."

"मंग?"

"काढलं त्यांनी."

"कधी?"

आतल्या खोलीतून आप्पांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

पाडा उठवण्याबद्दल मामलेदार कचेरीत सुनावणी लागली. बाई माझ्यासकट गेल्या, कच्च्या नोंदी घेऊन, जाणीचं चित्र घेऊन. पाड्यावरची सगळी माणसं बाहेर व्हरांड्यात आणि दारात उभी होती. अधिकारी तरुण होता. मवाळ होता. बाईंना त्याने खुर्ची दिली.

"हे पुस्तक आपलं?"

"माझं. आणि ते खोटं आहे. त्या उतारावर माणसं राहतात. मी स्वतः तिथे महिनोन्महिने गेलेय."

"पण पुस्तकात तर तसं नाही."

"माझी नोंद काढून टाकली. ही बघा मूळ नोंद. हे चित्र."

त्याने चित्र पाहिलं. "छान आहे. पण बाई, चित्र काय, मुखपृष्ठावर वाघाचंही आहे. आता या नोंदी. या तर तुम्ही आजही लिहू शकता. छापलेलं कोणतं धरायचं मी?"

मी मध्ये बोललो की हे चित्र मी काढलं, मी पाहिलंय. त्याने मला नाव विचारलं, टिपून घेतलं आणि पुन्हा बाईंकडे वळला.

"प्रकाशनाचा समारंभ झाला ना? आपला सत्कार झाला. तेव्हा पुस्तक आपल्या हातात होतं?"

"होतं."

"वाचलं होतं?"

"तिथेच वाचलं."

"मग तेव्हा काही बोललात?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात ज्यांनी कोणाचं उत्तर बाकी ठेवलं नाही त्या बाई टेबलावरच्या दौतीकडे बघत होत्या.

"नाही."

"का?"

"माझे वडील समोर बसले होते."

कोणीतरी हसलं. फार मोठ्याने नाही. अधिकाऱ्यालाही वाईट वाटलं असावं, त्याने नजर कागदाकडे वळवली. "हे मी काय म्हणून लिहू, बाई?"

सगळं बोलणं मराठीत चाललं होतं. दारात उभ्या जाणीला त्यातला शब्दन्‌शब्द कळला. ती पुढे आली नाही, ओरडली नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेली. तिच्या मागून एकेक करून बाकीचे.

पाडा मोडला तेव्हा आम्ही गेलो होतो. कुडाच्या भिंती पाडायला वेळ लागत नाही. कोंबड्या तेवढ्या सापडत नव्हत्या; पोरं त्यांच्यामागे झाडाझुडपांतून धावत होती आणि हवालदार ओरडत होते. बाई वाट अडवून उभ्या राहिल्या, तेव्हा एका हवालदाराने त्यांना "आजी, जरा बाजूला व्हा" म्हणून हाताला धरून कडेला नेलं. अगदी अदबीने. बाईंना कोणी हात लावला नाही, शिवी दिली नाही, त्यांचं काहीच झालं नाही. थोड्या दिवसांनी उतारावर सुरुंग लागायला लागले. त्यांचा आवाज मुलुंडला आमच्या घरापर्यंत येई आणि मडक्यावरचं झाकण थरथरे.

लोकांना नाहूरकडे खाजणाच्या कडेला जागा दाखवली होती. जागा म्हणजे चिखल. भरतीला पाणी चुलीपर्यंत यायचं. आप्पा गेल्यावर बाईंनी कॉलेजही सोडलं आणि दर रविवारी तिथे जायला लागल्या. उलट्या डब्यावर बसायचं आणि जो येईल त्याचा अर्ज लिहून द्यायचा. रेशनसाठी, नळासाठी, पोराच्या शाळेसाठी. मी अधूनमधून जात असे. लोक येत. त्यांचा बाईंवर राग नव्हता, किंवा असला तरी अर्जाची गरज त्याहून मोठी होती. येत नसे ती फक्त जाणी. तिची झोपडी समोरच होती. बाई आल्या की ती दाराकडे पाठ करून बसायची आणि बाई जाईपर्यंत तशीच बसून राहायची.

बाईंनी एकदा साखरेची पुडी नेली. स्वतः जाऊन तिच्या दाराशी ठेवली. "जाणे," म्हणाल्या. पाठ हलली नाही. पुढच्या रविवारी पुडी तिथेच होती, ओल लागून फुटलेली आणि मुंग्यांनी काळी झालेली. बाई मुंग्यांकडे बराच वेळ बघत होत्या. कोणत्या जातीच्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जंगलात त्या पुन्हा गेल्या नाहीत. एकदा त्यांच्या घरी मी खिडकीतल्या एका पाखराचं नाव विचारलं, नुसतं त्यांना बोलतं करावं म्हणून. मला ते माहीत होतं. त्या वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाल्या, "पाखरू आहे."

मी एकदा त्यांना म्हणालो की बाई, एका दिवसाच्या गप्प बसण्याची किती शिक्षा करून घ्याल? त्या म्हणाल्या, "शिक्षा कसली? आता मला दुसरं काम नसतं." आणि मग, मी निघालो असताना, दारातून, "बोलले असते तरी पाडा गेलाच असता. मला माहीत आहे. पण तिला ते माहीत नाही ना."

त्या खाजणातल्याच तापाने गेल्या. कावीळ झाली होती, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. स्मशानात आम्ही थोडेच होतो. सचिवांनी हार पाठवला होता. दोन दैनिकांत आलं, दोन्हींत पुस्तकाचा गौरवाने उल्लेख होता.

पुढच्या रविवारी मी नाहूरला गेलो. निदान सांगायला तरी हवं होतं. जाणी झोपडीबाहेर हंडा मांडीशी घेऊन बसली होती. नळाची रांग पलीकडे लागत होती. मला ओळखून तिने पाठ फिरवली नाही.

मी म्हणालो, "बाई गेल्या."

"आयकला," ती म्हणाली.

मी तसाच उभा राहिलो. काय अपेक्षा होती माझी, कोणास ठाऊक. रडेल असं वाटलं असेल. तिने हंड्याच्या काठावरचा चिखल अंगठ्याने खरवडून काढला.

"बुकात तिचा नाव हाय ना अजून?"

"आहे."

"मंग ऱ्हाईल ती," जाणी म्हणाली. पलीकडून कोणीतरी पाणी आल्याचं ओरडलं. तिने हंडा उचलून कमरेला लावला, मला वाटेतून बाजूला व्हायची खूण केली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.